भाटकारणीची हनुवटी

भाटकारीण बोलण्याआधी हनुवटी उचलायची. हनुवटी पुढं गेली, की पुढं बसा. नदीकडे वळली, की पडद्याच्या मागे जा. कुणी कुरकुर केलीच, तर उत्तर ठरलेलं: "चित्र तेंच! फाटल्यान बसलं म्हणून काय डोळे झडतात?"

फाटल्यान म्हणजे मागच्या बाजूनं. आमचा वाडा म्हणजे आमची वस्ती, नार्व्याजवळ, नदीला चिकटून. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, क्लबची पोरं नदीकाठच्या भाटात, माडांच्या बागेत, फुकट सिनेमे दाखवतात. दोन माडांना पांढरं कापड बांधायचं, अलीकडे आम्ही, पलीकडे नदी. कापड पातळ, त्यामुळे चित्र पलीकडूनही दिसतं, पण उलटं. सगळे हीरो डावखुरे. बसायला चिखल, वर डास, आणि पायावर चढणाऱ्या कुर्ल्या.

भाट तिचं, माड तिचे, म्हणून जागाही तीच वाटून द्यायची. पुढं महाजनांची घरं, त्यांच्यामागे तिच्या जमिनीवर घरं करून राहिलेले मुंडकार, आणि पडद्यापलीकडे 'भायले'. भायले म्हणजे दोडामार्ग-सावंतवाडीकडून खाणीवर, ट्रकवर कामाला आलेली माणसं. त्यांची पोरं आमच्या बालवाडीत मीच शिकवली, पण सिनेमाच्या दिवशी ती पडद्यामागे. तुम्ही म्हणाल, टीचर, तुम्ही काही बोलत का नव्हता? तुमच्या वाड्यावर अशी बाई असेलच. तिला तुम्ही काय बोलता, ते आधी सांगा.

स्वतः ती मधोमध, वेताच्या खुर्चीत. आणि रडायची किती! पडद्यावरच्या सासूनं सुनेला उपाशी ठेवलं, की हिच्या डोळ्यांना धार. "काय ती कसायीण! काळजाच्या जागी फातर गो, फातर!" असं म्हणत पदरात नाक शिंकरायची. त्याच वेळी हिचे पाय मांडीवर घेऊन शेवंती ते चेपत असायची, पडद्याकडे पाठ करून. मला हसू आवरायचं नाही. शेवंतीला मात्र कधी हसू आलेलं मी पाहिलं नाही.

शेवंती तिची कामवाली. लग्न होऊन दोडामार्गाहून आली, नवरा ट्रकवर होता तो अपघातात गेला, तेव्हापासून भाटकारणीच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पाय चेपून झाले, की हनुवटी नदीकडे वळायची आणि शेवंती उठून पडद्यामागे जायची. उरलेला सिनेमा तिला उलटा.

एका वर्षी म्हापशाकडचा एक पोरगा आमच्या नदीवर सिनेमा करायला आला. त्याला काठावर कपडे धुणारी बाई हवी होती. भाटकारीण नवी साडी नेसून दोन दिवस काठावर खुर्ची टाकून बसली. त्या पोरानं तिला नमस्कार केला, आणि घेतलं शेवंतीला. शेवंतीला एकच वाक्य होतं. नायिका धावत येते, तर मान वर न करता हिनं म्हणायचं, "होडी गेली गो. आता फाल्यां." फाल्यां म्हणजे उद्या. एवढंच. पण बाईनं ते वाक्य भांडी घासताना, केर काढताना म्हणून म्हणून गुळगुळीत केलं. मला येऊन विचारायची, "टीचरबाय, कापडावर मी केवडी दिसतलंय?" मी म्हटलं, माडाएवढी. तर तोंडाला पदर लावून लाजली.

पुढच्या मे महिन्यात तो सिनेमा आमच्या भाटात लागला. शेवंती आबोली माळून आली आणि पहिल्यांदाच पुढं, माझ्या चटईवर टेकली. हनुवटी वळली. शेवंती उठली आणि पडद्यामागे गेली. मी मनात म्हटलं, असू दे, उलटी का होईना, स्वतःला बघेल.

पडद्यावर आमची नदी आली. पोरं ओरडायला लागली, "आता शेवंती! आता शेवंती!" आणि त्या गलक्यात भाटकारीण कडाडली, "शेवंते! तांब्या खंय?"

पडद्यामागून थोडं थांबायची विनवणी आली, "बाय, मातशें रावा..."

"म्हजो घसो सुकलो म्हणटां न्हय! वच!"

गेली. धावत गेली बिचारी. ती स्वयंपाकघरात असताना इकडे पडद्यावर माडाएवढी शेवंती म्हणाली, "होडी गेली गो. आता फाल्यां." अख्खा वाडा टाळ्या वाजवत होता. शेवंती तांब्या घेऊन धापा टाकत आली, तेव्हा पडद्यावर भलतंच काही चाललं होतं. भाटकारणीनं तांब्या घेतला आणि खुर्चीपाशी ठेवला. घोटभरही प्यायली नाही. क्लबच्या पोरानं म्हटलं, "मागे घेऊन परत दाखवतो." तर म्हणाली, "नाका. फुडें चलूं दे."

मी दुसऱ्या दिवशी क्लबच्या पोराकडून तेवढा तुकडा घेऊन तिला मोबाईलवर दाखवला. शेवंतीनं बोटाएवढी शेवंती बघितली आणि मोबाईल परत दिला. "ह्यां नाय, टीचरबाय," एवढंच म्हणाली. मला त्या म्हातारीची जीभ उपटावीशी वाटली, खोटं कशाला सांगू!

त्याच वर्षी चवथीनंतर भाटकारणीला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हनुवटी एका बाजूला लोंबली. मुलगा लंडनला. तो आला, व्हीलचेअर घेऊन दिली, आईला शेवंतीच्या हवाली केलं आणि गेला. शेवंतीनं केलंही मन लावून. न्हाऊ घालायची, पेज भरवायची, कूस बदलायची. पाठीवर साधा चट्टा उठू दिला नाही. सगळा वाडा म्हणायचा, पोटची लेक करणार नाही इतकं करते. मीही म्हणायचे.

पुन्हा मे आला. शेवंती क्लबच्या पोरांकडे गेली आणि तोच सिनेमा परत लावा म्हणाली. त्या संध्याकाळी ती आबोली माळून व्हीलचेअर ढकलत आली. भाटकारणीलाही धुतलेलं लुगडं, कपाळाला कुंकू. पोरांनी सवयीनं वेताची खुर्ची मांडून ठेवली होती; आम्ही सगळे बाजूला झालो, मधली जागा मोकळी केली. शेवंती त्या जागेवरून पुढं गेली, माडाला वळसा घातला आणि व्हीलचेअर पडद्याच्या मागे, चिखलात नेऊन लावली.

मी म्हटलं, "अगो, पुढं आण तिला!"

"चित्र तेंच न्हय, टीचरबाय?" शेवंती म्हणाली आणि येऊन वेताच्या खुर्चीत बसली.

पडद्यावर आमची नदी आली. तेवढ्यात मागून आवाज, "आं... आं..." वाचा गेल्यापासून पाण्यासाठी ती असाच आवाज करायची, सगळ्यांना ठाऊक होतं. मी बाटली घेऊन उठले. शेवंतीनं माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी उचलली. मी बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला बरंच वाटलं. मग माडाएवढी शेवंती पडद्यावर बोलली, खालची शेवंती तोंडाला पदर लावून रडली, आणि टाळ्यांमध्ये तो आवाज ऐकू येईना.

सिनेमा संपल्यावर मी बाटली घेऊन मागे गेले. भाटकारणीच्या पायांवर डासांची गांधी उठली होती. पाणी पाजलं, ते अर्धं हनुवटीवरून ओघळलं. कापड आता कोरं होतं, पोरं दोऱ्या सोडत होती. तरी ती मान ताणून, जिवाच्या आकांतानं, ती मेलेली हनुवटी उचलू बघत होती. पुढच्या बाजूकडे. मला बघवेना.

शेवंती आली. पदरानं तिचं तोंड पुसलं, लुगडं सारखं केलं, आणि लहान पोराला समजवावं तशी वाकून म्हणाली, "होडी गेली, बाय. आता फाल्यां."

मग व्हीलचेअर वळवून घरी घेऊन गेली. पुढच्या शनिवारी पाऊस लागला, सिनेमे बंद झाले, आणि श्रावणात भाटकारीण गेली.