आज दिसला न्हाईत

ऐंशी सालच्या सुमारास वाशीत आमचं चर्च नव्हतं. उपासना शाळेच्या वर्गात व्हायची. तिथे सतरंज्या अंथरणारे गृहस्थ तळोज्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते. उपासनेला जो आला नसेल त्याच्या दारात ते संध्याकाळी हजर. "आज दिसला न्हाईत. बरं हाय ना?" एवढंच विचारायचे, चहालाही थांबायचे नाहीत. उपासना चालवणारे पाळकसाहेब बायबलातल्या हरवलेल्या मेंढरावर सुरेख बोलायचे. शोधायला मात्र हेच जायचे.

एका रविवारी पाळकसाहेबांनी एका विधवा बाईंना प्रभुभोजनाची भाकर घेण्याच्या रांगेतून सर्वांदेखत उठवलं, कारण त्यांच्या मुलीने धर्माबाहेर लग्न केलं होतं. भाकरीचं ताट या गृहस्थांच्या हातात होतं. त्यांनी ते मेजावर ठेवलं आणि ते बाईंच्या मागोमाग बाहेर गेले. मी रांगेतच राहिलो आणि भाकर घेतली.

पुढच्या रविवारी उपासनेला जायला माझं पाऊल उचललं नाही. संध्याकाळी ते आलेच. मी तापाचं निमित्त सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"आत्ताच बाईंकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "त्या तुमची चौकशी करत व्हत्या."