गोळ्या वाटणाऱ्या ताई

डबा उघडण्याआधी ताई गोळ्या वाटायच्या. संत्र्याच्या चवीची व्हिटॅमिन सी सगळ्यांना, व्हिटॅमिन ई-ची हिरवी कॅप्सूल फक्त स्वतःला. दिल्लीतल्या आमच्या सरकारी ऑफिसात त्या शेजारच्या सेक्शनच्या अधिकारी, मी आस्थापनेत क्लार्क. मजल्यावर मराठी आम्ही दोघीच. "घे गं. शरीर आतून गंजतं. इथली हवा आणि हे ऑफिस, दोन्ही गंज चढवतात," म्हणायच्या.

वजनापुढे मात्र गोळ्यांचं काही चालेना. दोन पोळ्या आणि काकडी खाऊनही तीन वर्षांत ताई चांगल्या गोल झाल्या. आर. के. पुरमच्या क्वार्टरचे जिने चढताना मध्येच थांबायच्या. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड बिल्कुल ठीक आहे, सततच्या ताणानं वजन वाढतंय. "मग ताण उतरायची गोळी लिहून द्या म्हटलं. तर हसला मेला!"

ताण एकच. पुण्याला आई एकटी, सगळं विसरायला लागलेली. दिल्लीचं नाव काढलं की दार लावून बसायची. आणि ताईंचा पुण्याच्या बदलीचा अर्ज दर वर्षी नामंजूर. जेवण झालं की त्या आईला फोन लावायच्या. एकदा आईनं विचारलं, "कोण बोलतंय?" ते हसत हसत मला सांगताना ताईंनी माझ्या डब्यातले चारही लाडू संपवले. मी रिकामा डबा बंद केला.

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, पण धीर नव्हता. त्या अर्जावरची टिपणी मीच तयार करायची. आमच्याकडची पद्धत अशी, की गेल्या वर्षीची फाइल काढायची, तारीख बदलायची आणि तेच वाक्य टाइप करायचं: 'कामाच्या निकडीमुळे यांना सोडणे शक्य नाही.' साहेब न वाचताच सही करत. पहिल्या वर्षी मी ते सवयीनं टाइप केलं. पुढची दोन वर्षं मुद्दाम. त्या गेल्या असत्या तर मी जेवायला कुणाबरोबर बसले असते?

लाडवांनंतरच्या अर्जावर मी 'सोडण्यास हरकत नाही' असं लिहिलं. साहेबांनी तेही न वाचता सही केली. इतकं सोपं होतं ते! लाज वाटली मला स्वतःची.

निघताना ताई गळ्यात पडून रडल्या. "अगं यार, फाइलीत कुणीतरी देवमाणूस भेटला बघ!"

परवा त्यांचा फोन आला. वजन उतरतंय म्हणाल्या, झोपही लागते.

"आणि आई?"

"मला नर्स समजते. म्हणते, चांगली आहेस हो. पण माझी मुलगी दिल्लीला असते, तिला तिथून सोडत नाहीत."