निम्म्या बायांचं तेल

लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळही होता. मुरुडजवळ खडी फोडणाऱ्या बायांचे गुडघे एक म्हातारी निर्गुंडीच्या तेलानं चोळायची. मी आयुर्वेदाचा डॉक्टर. त्या तेलावरच्या संशोधनासाठी मला सरकारी अनुदान मिळालं होतं. तिचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

“निम्म्या बायांना तुमचं तेल, निम्म्यांना साधं करडईचं. कुणाला कोणतं, ते तुम्हालाही सांगणार नाही,” मी म्हणालो.

“आन् त्या निम्म्या कण्हत बसल्या तर?”

“सरकारला पुरावा लागतो, मावशी.”

“मग सरकारलाच आणा की हितं. त्याचेबी गुडघे चोळते.”

शेवटी ती तयार झाली. पण बाटली उघडली की आधी वास घ्यायची, आणि तेल साधं निघालं की त्या बाईला दुप्पट वेळ चोळायची. मी समोर बसून पाहत होतो. हे नोंदवलं असतं तर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबला असता, म्हणून गप्प राहिलो. महिन्याभरात सगळ्याच बाया सारख्या बऱ्या झाल्या.

“काय निघालं, डॉक्टर?” तिनं विचारलं.

“सगळ्यांना गुण आला,” मी म्हणालो. ती खूश झाली.

अहवालात मी लिहिलं होतं, तिच्या तेलात गुण नाही.