खतानं खाल्लेली डाकोटा

आमच्या ह्यांना, म्हणजे रवींद्र दामल्यांना, निवृत्तीनंतर नाद लागला तो ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा. डाकोटा तिचं नाव. दोन इंजिनांचं लष्करी विमान, अमेरिकेत १९४३ साली बांधलेलं. युद्धात तिनं पॅसिफिकच्या बेटांवर सैनिक उतरवले, जखमी परत आणले. मग न्यूझीलंडला येऊन आधी टपाल वाहिलं, पुढे डोंगरातल्या कुरणांवर खत टाकलं. नंतर तीस वर्षं एका शेतात मेंढ्यांना सावली देत उभी होती.

ह्यांनी हवाईदलात तरुणपणी अशाच डाकोटा दुरुस्त केलेल्या. मुलामागून न्यूझीलंडमधल्या टाकानिनीला आल्यावर इथं यांना कोण विचारतंय! तेवढ्यात कळलं, की पापाकुराजवळच्या एका शेडमध्ये पाच-सहा म्हातारे ही डाकोटा पुन्हा उडवायच्या खटपटीत आहेत. झालं, सहा वर्षं दर शनिवारी डबा घेऊन स्वारी तिकडे. मी तिला सवत म्हणायचे, आणि चिडूनच म्हणायचे. इथं मला तरी बोलायला दुसरं कोण होतं?

गेल्या मार्चमध्ये दोन्ही इंजिनं सुरू झाली. पुढच्या सोमवारी सरकारी तपासणी होती.

"पास झाली की पहिल्या फ्लाइटला मेकॅनिक आत बसतो, ही आमची रीत," हे मला सांगत होते. चेहरा असा, की मीही राग विसरले.

पण रविवारी यांना राहवेना. पंख धडाला जोडतात तो भाग कुण्या जुन्या मालकानं पत्रा ठोकून बंद केला होता. आजवर तो कोणी उघडलाच नव्हता. यांनी पत्र्याचे रिव्हेट काढून आत टॉर्च मारला. आत पांढरी भुकटी, आणि ती पुसल्यावर खाली बोटभर चीर. दुसऱ्या बाजूलाही तेच. युद्धात वाचलेली बाई खतानं आतून खाल्ली होती. दुरुस्ती करायची तर नवे पंख हवेत, ते आणायचे कुठून?

शेडमधल्या त्या म्हाताऱ्यांचा प्रमुख ग्रॅहम म्हणाला, "रवी, दोस्ता, तिथं कोण बघणार आहे?"

यांनी रजिस्टरमध्ये चिरेची नोंद केली, खाली सही केली आणि घरी आले.

ती आता उडणार नव्हती. पुढे हायवेवरच्या एका कॅफेनं ती शोभेला विकत घेतली. ट्रकवर चढवायला पंख उतरवणं भाग होतं. बाकीचे कोणी यायला तयार होईनात, म्हणून ग्रॅहमनं यांनाच फोन केला. हे गेले. एकेक नट स्वतः सोडवला.

त्या संध्याकाळी चहा पुढ्यात निवत होता. मी म्हटलं, "अहो, माणसं वाचवलीत तुम्ही."

"हो," म्हणाले. मग कप बाजूला सारत, "पण मृदुला, तो पत्रा मी उघडलाच नसता तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. जन्मभर विमानं तपासली गं मी. आणि मला हे वाटतं."