एका कानाने ऐकलेलं भजन

कान जायला लागले तेव्हा मी देवावर रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. रोह्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मी कंप्रेसरच्या खोलीत शिफ्ट केल्या. डावा कान नोकरीत असतानाच गेला. निवृत्त होऊन वरसे गावात घर बांधलं आणि मग उजवाही मंदावत गेला. त्यात यंत्र घातलं की बोलणं कळायचं, तेही समोरच्याने तोंडाकडे बघून बोललं तर. आयुष्यभर एकच हौस पुढे ढकलत आलो होतो, निवांत बसून भजनं ऐकायची. निवांतपणा मिळाला आणि कान गेले. सकाळी देवापुढे हात जोडायचो, पण ते सवयीने. मनात एकच प्रश्न असायचा, दुसरं काहीही न्यायचं होतंस, नेमके कानच का?

मार्चमध्ये भाच्याने मोबाइलवर एक पत्रिका पाठवली. पेणला एका देवळाच्या वर्धापनदिनाला रविवारी दुपारी बुवांचं भजन होतं. नाव वाचून मी उठून बसलो. विशीत असताना मी जोह्याला मामांच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायचो. तिथे दिवसभर टेपरेकॉर्डरवर याच बुवांच्या कॅसेट चालायच्या. बुवा वरच्या सुरावर गेले की माझा ब्रश मूर्तीवर तसाच थांबायचा आणि मामा ओरडायचे. बुवांना प्रत्यक्ष मात्र कधी पाहिलं नव्हतं. एकदा ते रोह्यात आले होते, पण मला दुसरी शिफ्ट होती आणि सुट्टी मिळाली नाही. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मी म्हटलं, जाऊन काय करू? अर्धं ऐकू येणार नाही. बायको समोर येऊन, तोंड नीट दिसेल अशी उभी राहून म्हणाली, "अर्धं तरी येईल ना? जाऊन या. नायतर वर्षभर घरात कुढत बसाल."

एसटीने निघालो. वडखळच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या आणि गाडी तासभर एका जागी उभी राहिली. तिथेच कानात टिंग टिंग असा इशारा झाला. सेल संपत आला होता. खिशात हात घातला, तर जादा सेलचं पाकीट नव्हतं. ते घरी दुसऱ्या सदऱ्यात राहिलं होतं. पेण येईपर्यंत यंत्र बंद पडलं. बाजारात तीन मेडिकल पालथी घातली. एक बंद होतं, दोघांनी माना हलवल्या. भर दुपारी, घामाने भिजून, मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. रिक्षा अंगाजवळून जात होत्या आणि आवाज कसलाच नव्हता. परत जावं असं ठरवलं होतं. पण पाय इतके दुखत होते की जरा सावलीत बसू म्हणून देवळाच्या मांडवात शिरलो.

भजन सुरू झालं होतं. बुवा दिसले. पांढरा फेटा, पेटीवर वाकलेली मान, हलणारे ओठ. लोकांचे हात टाळीला वरखाली होत होते. मला फक्त जाजमाखालून पखवाजाचा धक्का मांडीला जाणवत होता. चाळीस वर्षांनी समोर बसलो होतो आणि माझ्यापुरतं सगळं मुकं होतं. मी यंत्र कानातून काढलं, मुठीत घट्ट धरलं आणि रडू आवरेना. त्या वेळी देवाला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उजव्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ बसले होते. गोरे, सडसडीत, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला आणि मूठ उघडायची खूण केली. यंत्र बघून त्यांनी आपल्या दोन्ही कानांकडे बोट दाखवलं. त्यांच्याही दोन्ही कानांत यंत्रं होती. मी बघत असतानाच त्यांनी उजव्या कानातलं काढलं, नखाने त्याचं दार उघडलं आणि सेल तळहातावर घेतला. माझा मेलेला सेल शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही एकाच मापाचे होते. मी नको नको म्हणत राहिलो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नसेल. त्यांचा सेल माझ्या यंत्रात घालून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

कानात घातल्यावर पहिलं काय ऐकू आलं असेल, तर बुवांचा खोकला. मग हसू. बुवा म्हणत होते, "वरचा सूर आता माझ्याच्यान व्हत नाय. तिथपर्यंत मी आणून सोडतो, पुढं तुमी घ्या." आणि ते गायले. आवाज पार चिरकला होता, त्यात माझ्या यंत्रातून तो पत्र्यावरून आल्यासारखा येत होता. पण वळण तेच. सूर चढत चढत त्या जागेपाशी आला आणि बुवा थांबले. डोळे मिटले, पेटीवरचा एक हात उचलून लोकांकडे केला. मांडवातल्या बायाबापड्यांनी तो सूर उचलला. कुणी बेसूर होतं, कुणी मागे राहिलं होतं. बुवांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. ज्या सुराने त्यांना नाव मिळवून दिलं, तो त्यांनी सगळ्यांच्या हवाली केला होता आणि स्वतः मान डोलावत ऐकत होते. मीही तोंड उघडलं. कसा गायलो ते माहीत नाही.

भजन संपल्यावर मी सेल काढायला लागलो, तर त्या गृहस्थांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तुम्हाला रस्ता ओलांडायचाय. हॉर्न ऐकू यायला पायजे."

"आणि तुम्हाला?"

"माझा डावा हाय ना चालू."

आम्ही बरोबरच स्टँडकडे निघालो. ते यहुदी होते. मुलं इस्रायलला गेलेली, गावात त्यांचं एकच घर उरलेलं. मी जरा बिचकत विचारलं, "तुम्ही भजनाला कसे?"

ते म्हणाले, "आमच्यातपण मराठीत कीर्तनं व्हायची. वडील पेटी वाजवायचे. आता पेटी ऐकायला इथं येतो." मग थोडं चालून म्हणाले, "आमच्या प्रार्थनेचा पहिला शब्द ठाऊक हाय? 'ऐक.' लहानपणी मला वाटायचं, आपण देवाला सांगतोय, ऐक बाबा. मोठा झाल्यावर कळलं, ते आपल्याला सांगितलंय."

इतकी वर्षं मी देवाला ऐकवतच आलो होतो.

त्या दिवशी वडखळला गाडी अडली नसती, तर मी वेळेवर पोचून पुढे कुठेतरी बसलो असतो आणि सेल भजनाच्या मध्येच संपला असता, तेव्हा शेजारी हे गृहस्थ नसते. याला योगायोग म्हणावं की आणखी काही, मी त्या वादात पडत नाही. माझा कान अजून उतरतोच आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, एक दिवस यंत्राचाही उपयोग होणार नाही. तो दिवस येईल तेव्हा येवो. मी देवाशी भांडण सोडलंय. जे जाणार आहे ते मुठीत आवळून धरण्यापेक्षा हात उघडून त्याच्या स्वाधीन करायचं, एवढं बुवांकडे बघून शिकलो.

तरी त्या संध्याकाळचं एक चित्र मनातून जात नाही. पेणच्या गर्दीत आम्ही दोघं म्हातारे चाललो होतो. माझा उजवा कान चालू, त्यांचा डावा. गर्दीने बाजू बदलली की बोलणं तुटायचं. मग ते हसत वळसा घालून पुन्हा माझ्या उजव्या हाताला यायचे, आणि आम्ही दोघं दोन कानांत मिळून सगळं ऐकत पुढे जायचो.