एकाच वेळी खोकणारे दोन रकाने

शाहिनेझला उंदीर, पाल, तुंबलेला नाला यांची किळस कधी आली नाही. अन्नाबा शहराच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली ती, आणि मी तिथला शाळामास्तर. माझ्या वर्गात थुंकीने पाटी पुसणाऱ्या मुलाशेजारी बसूनही ती निवांत पाव खायची. तिला पहिली खरी किळस आली ती वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आणि तीही आकड्यांच्या एका तक्त्याची.

तिचे वडील तय्यब यांनी कारखान्यात एकतीस वर्षे तापलेले पोलाद रुळांखाली लाटून पत्रे केले. पत्र्यावरून नख ओढून तो कोणत्या दिशेने लाटला गेला हे ते डोळे मिटून सांगत. "कापडाला उभा-आडवा धागा असतो ना, तसाच पोलादालाही असतो," असे ते माझ्या वर्गात येऊन सांगून गेले होते. मुले हसली होती. शाहिनेझ मात्र घरी जाऊन डबे ओरबाडत बसली होती.

पुढे ती डॉक्टरेटच्या प्रवेशपरीक्षेत निवडली गेली. त्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, म्हणूनच ते जमले. वशिल्याला आमच्याकडे 'खांदे' म्हणतात आणि तय्यबचे खांदे फक्त पत्रे उचलण्याच्या कामाचे होते. सी अब्देलहफीद (सी म्हणजे आमच्याकडचे 'श्रीयुत') या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. काम असे, की संगणकावर पोलादी नळ, म्हणजे जाड पाइप, उभा करायचा, त्याचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे, आत पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचे, तू किती ताणशील, कुठे फाटशील? पण संगणक उत्तर देतो ते आपण पुरवलेल्या आकड्यांवर. ते आकडे पत्र्याच्या पट्ट्या यंत्रात तुटेपर्यंत ओढून मिळतात. काही पट्ट्या लाटण्याच्या दिशेने, म्हणजे उभ्या कापलेल्या, काही आडव्या; दोन्हींचे आकडे तक्त्याच्या दोन रकान्यांत जातात. नळाला आडव्या पट्टीचे आकडे जास्त महत्त्वाचे, कारण दाब त्याच दिशेने त्याला फाडायला बघतो.

दोन्ही रकान्यांचा तो तक्ता सी अब्देलहफीद यांनी अकरा वर्षांपूर्वी केला होता. प्रयोगशाळेतला प्रत्येक प्रबंध त्यावर उभा होता.

त्या वसंतात इटलीतल्या एका प्रयोगशाळेने नेमक्या याच विषयात दोन वर्षांची एक जागा जाहीर केली. सोबत स्वतःच्या कामाचा नमुना आणि मार्गदर्शकाची सही हवी होती. मुदत गुरुवारपर्यंत. शाहिनेझने या एका जागेवर सगळी आशा ठेवली होती. नमुना नीटस दिसावा म्हणून तिने दोन्ही रकान्यांच्या रेषा एकावर एक काढल्या, आणि दुपारी माझ्या दारात आली. शाळेतल्या मास्तरांना आमच्याकडे 'शेख' म्हणतात, ती अजूनही म्हणते.

"शेख, दोन माणसं वेगवेगळ्या घरांत बसलीत आणि दिवसभर अगदी एकाच क्षणी खोकतायत. असं होईल का हो?"

"नाही गं. एकच माणूस असेल, दोनदा मोजलेला."

"तेच झालंय." तिने कागद पुढे केला. पट्टी ओढताना रेषा जरा थरथरते, आणि प्रत्येक पट्टीची थरथर वेगळी असते. इथे दोन्ही रेषा अगदी त्याच त्या जागी थरथरत होत्या. "आडव्या पट्ट्या कापल्याच नाहीत. उभ्याच्या आकड्यांत शंभरामागे सात वाढवले आणि वर 'आडव्या' असं लिहून टाकलं. अकरा वर्षं आम्ही सगळे हेच उष्टं खातोय."

बापलेकीने त्याच जातीच्या पत्र्यातून पाच आडव्या पट्ट्या कापल्या. प्रयोगशाळेच्या तळघरातल्या, पट्ट्या ओढायच्या यंत्राच्या जबड्यात सूर्यफुलाच्या बियांची थुंकलेली टरफले साचून घट्ट झाली होती. तय्यब टाचणीने ती उकरत होते.

"हे यंत्र आहे की थुंकदाणी? आमच्या विभागात असं कोणी केलं असतं तर मुकादमाने त्याला हे चाटून साफ करायला लावलं असतं!"

पाचही पट्ट्या तक्त्यात लिहिल्यापेक्षा फार लवकर तुटल्या. शाहिनेझने खरे आकडे घातले, तिसऱ्या पानावर जुने आणि नवे शेजारीशेजारी मांडले, आणि बुधवारी सहीला गेली.

सी अब्देलहफीद फोनवर बोलत, बोटे चाटत खिम्याचा तळलेला बोराक खात होते. त्यांनी पान उलटलेही नाही. तेलकट बोटांनी शेवटचा कागद ओढला आणि सही केली.

"झालं, पोरी. इटलीहून मला चामड्याचे बूट आण. बेचाळीस नंबर."

चार दिवस तिने भांडणाची तयारी केली होती. आता कागद हातात होता, दार समोर होते.

"तिसरं पान वाचा."

"वाचलंय गं."

"नाही वाचलंत."

त्यांनी वाचले. फोन ठेवला. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. सावकाश आपली सही खोडली आणि हसले. ते हसणे सर्वांत वाईट होते, असे ती म्हणाली.

"आकडे म्हणजे काय कुराण आहे का? सगळेच असं करतात. जुना तक्ता लाव, उद्या आण, लगेच सही देतो."

ती जिन्यात जाऊन खरोखर ओकली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती त्यांच्याकडे फिरकली नाही आणि मुदत टळली.

घरी तय्यब कपाळ बडवत होते. "सही झाली होती! लिफाफ्यात घालायचं आणि निघायचं, एवढंच होतं! खरेपणाचा पुतळा व्हायला तुला कोणी सांगितलं?"

"बाबा, न वाचता सह्या झाल्या म्हणूनच तो तक्ता अकरा वर्षं चालला. माझं खरं कामही त्याच भोकातून बाहेर काढू?"

ती जागा नसरेद्दीनला मिळाली. तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करणारा, माझाच विद्यार्थी. तिने त्याला दोन्ही रेषा दाखवल्या होत्या, तरी त्याने नमुना जुन्या तक्त्यावरच केला होता. निघण्याआधी तो मकरूदचा, म्हणजे खजूर भरून मधात बुडवलेल्या मिठाईचा, डबा घेऊन तिच्या घरी आला. मी तिथेच होतो.

"तोंड गोड कर, बहिणी. एवढी कडू नको होऊस. तिकडे पाय रोवले की मीच सगळं उघड करीन बघ."

"तिकडे तुझ्या नळाबद्दल कोणी आडव्या पट्टीचं विचारलं तर?"

"कोण विचारतंय!"

शाहिनेझने डबा बंद केला आणि त्याच्याकडे सरकवला. तिचा आवाज चढला नाही. "नेऊन टाक. मला याचा वासही सहन होत नाही."

तय्यब खिडकीकडे बघत राहिले. नसरेद्दीनचे कान लाल झाले, तेव्हा मला त्याच्यात शाळेतला तो लहान मुलगा दिसला. पाहुण्याचा अपमान नको म्हणून मी डबा उघडून एक मकरूद घेतला. खजूर उत्तम होता, मध उत्तम होता. शाहिनेझ माझ्याकडे बघत होती, आणि तो घास काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.