आमच्या सीईओताई

सीईओताई फोनवर गप्प राहायच्या. प्रश्न विचारायच्या आणि नुसत्या थांबायच्या. समोरच्याला वाटायचं, लाईन कटली. मी एकदा न राहवून विचारलं, "ताई, आवाज येतोय ना?"

"आवाज येतोय हो गायकवाड. उत्तर येत नाहीये."

मग जे खरं असेल ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमची रसायनांची कंपनी. मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ, मी प्रॉडक्शन मॅनेजर. ताई मूळ धरणाजवळच्या जांभूळ गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. केमिकल इंजिनिअर, वर एमबीए. शेठ पाहुण्यांपुढे त्यांच्या डिग्र्या मिरवायचे. ताईंनी मात्र रुजू होताना एकच अट घातली होती. "काही बिघडलं तर खाली कोणाला शोधत बसायचं नाही, शेठ. आधी मला विचारायचं."

"अरे साईं, पहले ही दिन बिगडने की बात क्यों?"

"पहिल्याच दिवशी करून घ्यावी. नंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो."

कामगारांच्या तोंडी 'मॅडम' कधी बसलंच नाही. कॅन्टीनमध्ये त्यांच्याच बाकावर डबा उघडून तांदळाची भाकरी खाणारीला मॅडम कोण म्हणणार? आठवड्यातून एक दिवस वसाहतीचं पाणी बंद असायचं. तो शटडाऊन आला की त्या म्हणायच्या, "धरण आमच्या बाजूला, आणि बादल्या भरून ठेवायच्या त्याही आम्हीच!" चेष्टा तेवढीच. थंड पाणी कमी पडलं तर रिॲक्टर तापतो, म्हणून शटडाऊनच्या दिवशी त्या स्वतः जाऊन पाण्याची टाकी बघायच्या.

एके दिवशी ताई आईजवळ दवाखान्यात होत्या. शटडाऊन होता आणि ऑर्डर अडली होती. मी फोन केला.

"टाकी भरलीय?"

"भरलीय," मी म्हणालो. टाकी अर्धी होती. मला ते माहीत होतं. एक बॅच निभून जाईल असं वाटलं. नेमक्या त्या दिवशी ताई थांबल्या नाहीत. "बरं, करा चालू."

दुपारी रिॲक्टर तापला आणि गरम माल बाहेर उडाला. आमच्या ऑपरेटर दत्ताचा उजवा हात भाजला. जखमा भरल्या, पण बोटं पुन्हा वळली नाहीत.

"किसने बोला था चालू करने को?" शेठनी केबिनमध्ये विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या.

मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिलो. महिन्याभरात ताई कंपनी सोडून गेल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. ताईंनी आपल्याला वाचवलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. त्या उपकाराचं ओझं वाटायचं, पण खरं सांगतो, तेच बरं होतं. दुसऱ्या कशाकडे बघावं लागत नव्हतं.

गेल्या रविवारी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. चहा यायच्या आत सगळं बोलून टाकलं. वर म्हणालो, "माझ्यासाठी तुम्ही एवढं..."

"तुमच्यासाठी?" त्या खरंच चकित झाल्या. "टाकी न बघता हो म्हटलं ते मी, गायकवाड. माझं होतं ते मी सांगितलं. टाकी अर्धी होती हे मला नंतर कळलं. वाटलं, तुमचं तुम्ही सांगाल."

चहा आला, तो तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि मला काय सांगताय? दत्ताला सांगितलंत?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चला. घर मला माहितीये, नेहमी जाते मी. बोलायचं मात्र तुम्ही."

दत्ता उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. दार त्यानेच उघडलं, डाव्या हाताने. "साहेब, तुम्ही? ताई, या ना आत!"

ताई आल्या नाहीत. दोन पायऱ्या खाली उतरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"दत्ता, आत नको," मी म्हणालो. "आधी ऐकून घे. मग बोलवायचं की नाही, ते ठरव."